वाटाड्याचा शब्द

मे महिना किंवा दिवाळी जवळ आली, की अलीकडे पुण्यातल्या घराघरांत एक नवा विषय निघतो. पूर्वी ‘यंदा कोकणात की महाबळेश्वरला?’ एवढाच प्रश्न असे. आता शेजारचे कुटुंब एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जाऊन आलेले असते, ऑफिसातल्या कुणीतरी अन्नपूर्णेचे फोटो दाखवलेले असतात आणि पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही गुडघ्याला पट्टा बांधून पर्वतीच्या पायऱ्या मोजू लागतात. या हौसेची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः त्यातलाच एक आहे.

आमच्या पिढीला हिमालय दाखवला तो यूथ होस्टेलच्या शिबिरांनी. तंबूत दाटीवाटीने झोपायचे, रांगेत उभे राहून चहा घ्यायचा आणि पाठीवर सगळा संसार वाहायचा. पुढे १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक तिथे उभे राहिले आणि हिमालय हा पुण्याच्या अभिमानाचा विषय झाला. पण आज जे हजारो लोक जातात ते शिखरांसाठी नव्हे. ते जातात नेपाळमधल्या ‘लॉज ते लॉज’ पदभ्रमणाला. दिवसभर दरीतून चालायचे, संध्याकाळी गावातल्या लॉजवर उतरायचे, शेगडीभोवती बसून गरम दालभात खायचा, सकाळी पुन्हा वाट धरायची. तंबू नको, शिधा नको. सोबत वाटाड्या, ओझ्याला भरिया. कुटुंबाला झेपेल असा हा हिमालय आहे आणि तो झेपतो, हे वाटणेच त्यातली खरी मेख आहे.

२०२३ च्या एप्रिलपासून नेपाळने परदेशी पदभ्रमण करणाऱ्यांना परवानाधारक गाईड सक्तीचा केला. परवान्याचे शुल्कही वाढले. सार्क देशांच्या नागरिकांना, म्हणजे आपल्याला, ते एक हजार नेपाळी रुपये पडते, आपल्या चलनात सव्वासहाशे रुपये. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातल्या स्थानिक पालिकेनेच हा नियम मानायला नकार दिला, इतरत्रही अंमलबजावणी कमीजास्त आहे. पण पुण्यातल्या ट्रेकर मंडळींत त्यावरून चांगलाच वाद झडला. ‘रात्री कात्रज-सिंहगड करणाऱ्यांना गाईड कशाला?’ असा एक सूर होता. ‘हा पैसे काढण्याचा धंदा आहे,’ असा दुसरा. दोन्ही सुरांत माझाही आवाज होता. तो का बदलला, ते सांगण्यासाठीच हा लेख.

नियम आला त्याच वर्षी, नोव्हेंबरात आम्ही नऊजण लांगटांगच्या दरीत गेलो. काठमांडूच्या उत्तरेला, तिबेटच्या सीमेलगतची ही दरी. स्याब्रुबेंसीपर्यंत वाहन जाते. हे गाव सुमारे दीड हजार मीटरवर, म्हणजे आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई जिथे संपते (१,६४६ मीटर), जवळजवळ तिथून ही वाट सुरू होते. पहिल्या दिवशी नदीकाठच्या रानातून चढत सुमारे २,४०० मीटरवरच्या ‘लामा हॉटेल’ला मुक्काम. हे कुणा हॉटेलाचे नव्हे, वस्तीचेच नाव. दुसऱ्या दिवशी सुमारे ३,४०० मीटरवरचे लांगटांग गाव, तिसऱ्या दिवशी ३,८०० मीटरच्या वरचे क्यांजिन गोम्पा. तिथे याकच्या दुधाचे चीज मिळते, चहूबाजूंनी बर्फाची शिखरे उभी असतात, आणि माणूस आपोआप हळू आवाजात बोलू लागतो.

आमचा वाटाड्या तिशीतला तामांग तरुण. मला तो ‘दाजू’, म्हणजे मोठा भाऊ, म्हणे. लॉजच्या मालकिणीला आम्ही सगळेच ‘दिदी’ म्हणू लागलो होतो. लामा हॉटेलच्या मुक्कामी त्याने सुचवले, ‘दाजू, उद्या थेट लांगटांग नको. मध्ये घोडातबेलाला थांबू.’ घोडातबेला हे वस्तीचे नाव ऐकून आमच्यात हशा पिकला. पण पुण्यातून छापून आणलेल्या कार्यक्रमपत्रिकेत हा मुक्काम नव्हता. सगळ्यांची रजा मोजून घेतलेली, परतीचे विमान ठरलेले. आम्ही थेट लांगटांग गाठले.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाचे डोके दुखू लागले. दर शनिवारी सिंहगड चढणारा, आमच्या सगळ्यांत दमदार गडी. जेवण त्याने टाळले. सकाळी वाटाड्या म्हणाला, ‘आज याने वर जायचे नाही. इथे थांबू, नाहीतर खाली जाऊ.’ त्यावर जी चर्चा झाली ती आठवली, की अजून लाज वाटते. पैसे भरलेत, एवढे लांब आलोत, गोळी घेतली की बरे वाटेल. त्याने लॉजवरून आयोजकांना फोन लावला. पलीकडून काय सांगितले गेले ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले: पाहुण्यांना नाराज करू नकोस. मग तो माझ्याकडे वळला. मी वयाने मोठा. ‘दाजू, तुम्ही सांगा.’ आणि मी म्हणालो, ‘हळूहळू जाऊ या.’

क्यांजिनला रात्री नऊच्या सुमारास मित्र बाहेर जायला उठला आणि दारातच झोकांड्या खाऊ लागला. त्याला बुटाची नाडी बांधता येईना. बोलणे असंबद्ध. वाटाड्याने एकदाच त्याच्याकडे पाहिले आणि या वेळी कुणालाच विचारले नाही. दिदीने नवऱ्याला उठवले. दोन भरिये, नवरा आणि वाटाड्या अशा चौघांनी आळीपाळीने त्याला पाठीवर घेतले आणि बॅटरीच्या उजेडात वाट उतरायला सुरुवात केली. पहाटे लांगटांग आले. तिथे घोडा मिळाला, पण ते थांबले नाहीत. दुपारी मित्र घोडातबेलाला पोचला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने चहाचा पेला धरला. ज्या वस्तीच्या नावाला आम्ही हसलो होतो, तिथेच तो शुद्धीवर आला. नंतर काठमांडूच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, मेंदूला सूज येऊ लागली होती. सकाळपर्यंत वर ठेवला असता तर काही सांगता आले नसते.

यात गूढ काहीच नव्हते. क्यांजिनच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश असतो. शरीर त्याला सरावते, पण त्याच्या गतीने. म्हणून तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस ती मुळीच वाढवू नये, असा जगभरचा संकेत आहे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली सूचना. बसल्या जागी धाप लागणे किंवा तोल जाणे ही शेवटची. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. आणि सिंहगड किती वेळा चढलात याचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि दुखणे लपवतो, म्हणून तोच आधी सापडतो. आमच्या वाटाड्याला हे सगळे ठाऊक होते. वाटाड्या असूनही आम्ही संकटात सापडलो, कारण त्याच्याजवळ ज्ञान होते, पण शब्दाला वजन नव्हते.

सक्तीच्या नियमाची खरी उणीव इथे आहे. नियम माणूस सोबत देतो, अधिकार देत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळाचा तडाखा अन्नपूर्णा परिसरातल्या थोरोंग ला खिंडीला बसला, चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत पदभ्रमण करणारे होते, तसे गाईड आणि भरियेही होते. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल वाटेवर २२ जणांचा चमू हिमवादळात सापडला आणि नऊजण थंडीने दगावले. त्या चमूबरोबर स्थानिक गाईड होते. या दुर्घटनांचा दोष मी इथे बसून कुणाला देणार नाही. पण सोबत गाईड आहे एवढ्याने कुटुंबाने निश्चिंत व्हावे, असे मात्र नाही, हे त्यांतून दिसते.

वाटाड्या बोलत का नाही? कारण त्याची भाकरी आपल्या समाधानावर अवलंबून आहे. पदभ्रमणाचा हंगाम वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. तेवढ्या महिन्यांच्या कमाईवर घर चालते. आपण पुण्यात पैसे भरतो, ते आयोजकाकडून काठमांडूच्या एजन्सीकडे जातात, तिथून उरतात ते दरीत पोचतात. ‘तुझ्या हातात किती पडतात?’ असे मी विचारले, तेव्हा तो नुसता हसला. एका पाहुण्याने तक्रार केली, तर पुढचा चमू दुसऱ्याला मिळतो. अशा माणसाने नऊ सुशिक्षित, पैसे भरलेल्या, घाईतल्या पाहुण्यांना ‘परत फिरा’ म्हणायचे, ही अपेक्षा सोपी नाही.

लॉजचेही गणित तसेच. खोली स्वस्त असते, कारण जेवण तिथेच घ्यायचे असा रिवाज आहे. वर जावे तसा दालभात महागतो आणि आपण कुरकुरतो. पण त्या ताटातला तांदूळ, शेगडीचा गॅस, आपल्या चहातली साखर, सगळे खालून खेचरांच्या नाहीतर माणसांच्या पाठीवरून आलेले असते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरचे बर्फ आणि दगड कोसळून लांगटांग गाव मिनिटभरात गाडले गेले. दोनशेहून अधिक माणसे गेली, बहुतेक तिथलीच. आज नवे गाव जवळच उभे आहे, वाटेवर मृतांच्या नावांची भिंत आहे. ज्यांनी त्या ढिगाऱ्याशेजारी पुन्हा लॉज बांधले, त्यांना पाहुणा हवाच आहे. पण डोंगराचे भय त्यांच्याइतके कुणाला कळणार? त्यांनी ‘आज नको’ म्हटले, तर त्यामागे काय असते ते त्या भिंतीवर कोरलेले आहे.

हे केवळ नेपाळचे नाही. राजगडाखालच्या गुंजवण्यात किंवा हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत आपण एखाद्या घरी पिठले-भाकरी खातो, गावातला पोरगा वाट दाखवायला घेतो. पावसाळ्यात तो म्हणतो, ‘दादा, ओढ्याला पाणी आहे, आज राहू द्या.’ आपल्यापैकी किती जण राहू देतात? महाराष्ट्र सरकारने २०१८ साली साहसी उपक्रमांच्या सुरक्षेची नियमावली काढली, २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, आयोजकांना नोंदणी सांगितली. चांगलेच झाले. पण नोंदणीचा कागद ओढ्याच्या काठावर उभा राहत नाही. तिथे तो पोरगाच उभा असतो.

म्हणून सक्तीच्या नियमाला नाके मुरडणे मी सोडले आहे. मात्र तो पुरेसाही मानत नाही. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला चार प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. तीन हजार मीटरच्या वर कोणता मुक्काम किती उंचीवर आहे? हातचा म्हणून एक दिवस राखला आहे का? गाईड आणि भरियांचा विमा उतरवला आहे का? आणि वाटेत परत फिरण्याचा निर्णय कुणाचा? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘वाटाड्याचा’ असे लेखी मिळत नसेल, तर दुसरा आयोजक शोधावा. निर्णय लेखी असला, तर वाटाड्याला पाहुण्याच्या आणि मालकाच्या नाराजीचे भय उरत नाही. आयोजकालाही ‘कार्यक्रम पुरा केला नाही’ ही तक्रार ऐकून घ्यावी लागत नाही. आणि दिवस वाढले म्हणून दर वाढला, तर ती महागाई समजू नये. रजाच मिळत नसेल, तर कमी उंचीची वाट निवडावी. हिमालयात त्याही सुंदर आहेत.

निघताना काठमांडूत मित्राने वाटाड्याला मिठी मारली आणि पाकीट पुढे केले. त्याने ते घेतले, नमस्कार केला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘दाजू, पुढच्या वेळी एक दिवस जास्त आणा.’ बक्षिसापेक्षा त्याला तो एक दिवस हवा होता. आम्ही पुन्हा जायचे ठरवतो आहोत, तोच वाटाड्या, तीच दरी. या खेपेच्या पत्रिकेत घोडातबेलाचा मुक्काम मी सर्वांत आधी लिहिला आहे.