साहेबांचे ताय ची

हाँगकाँगच्या बागेत पहाटे ताय ची करणाऱ्या आजीबाईंचे कौतुक होते. ‘अमुक अधिकारी ताय ची खेळतात’ असे वर्तमानपत्राने छापले, तर मात्र तो सरळ टोमणा. कँटोनीज बोलीत ‘सा थायगिक’, ताय ची खेळणे, म्हणजे टोलवाटोलवी करणे.

आजीबाईंचे हात नीट पाहिले की शब्दाचे मूळ सापडते. न दिसणारा चेंडू तळव्यांत धरल्यासारखे हात फिरत राहतात. चेंडू इकडून तिकडे जातो, खाली कधी टेकत नाही. जोडीच्या सरावात समोरचा ढकलतो, तेव्हा त्याला अडवायचे नाही. कंबर वळवायची आणि त्याचा जोर बाजूने जाऊ द्यायचा. चार छटाकांनी हजार शेर वळवावेत, असे या विद्येचे ब्रीद. आता ढकलणाऱ्याच्या जागी छत गळते म्हणून अर्ज घेऊन आलेला भाडेकरू उभा करा. झिरपत्या पाण्याच्या तक्रारींसाठी त्या शहरात दोन सरकारी खात्यांचे संयुक्त कार्यालय आहे, यावरून चेंडू किती फिरत असेल ते ताडावे.

आखाड्यातले सगळेच शब्द असे बदनाम झाले नाहीत. नळ दुरुस्त करणारा, स्वयंपाकी, वास्तू पाहणारा हे सगळे ‘सीफू’. कुंग फूच्या गुरूसाठी लिहिताना दुसरे अक्षर तेवढे बदलते; तिथे ‘बाप’ येतो. आपण ‘वस्ताद’ला डोळा मारायला शिकवले, कँटोनीजांनी सीफूच्या हाती पाना दिला. नवरा-बायकोचे लटके भांडण म्हणजे ‘शोभेचा भाला नाचवणे’. अर्धवट शिकलेल्याची विद्या ‘साम ग्योक माऊ’, तीन पायांच्या मांजरीची. (माऊ म्हणजे तिकडेही मांजरच!)

ताय चीवर मात्र या बोलीने अन्याय केला, असे आम्हाला वाटते. खऱ्या सरावात ढकलणाऱ्याचा तोल गेला की त्याला तत्क्षणी कळते. तो हसतो, पाय रोवतो, पुन्हा हात पुढे करतो. कचेरीत भाडेकरूला यातले काहीच कळत नाही. तो अर्ज धरून खिडकीपुढे उभा, आणि घरी बादली भरत आलेली.