मुलांचे वाचन आणि कष्टकऱ्यांची संध्याकाळ

मूल शाळेत वाचावयास शिकते, परंतु घरीही वाचू लागते तेव्हाच ते खऱ्या अर्थाने वाचक होते. म्हणूनच पालकांनी रोज थोडा वेळ मुलाबरोबर पुस्तक घेऊन बसावे, असा उपदेश पालकसभांतून केला जातो. उपदेश चुकीचा नाही. प्रश्न इतकाच की, ज्यांना तो केला जातो त्यांच्या घरी पुस्तक, वेळ आणि बसावयास जागा आहे काय?

तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' अभियानाद्वारे जाहीर केले आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली. प्रत्यक्षात २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी अवघी २७.१ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. पाहणी ग्रामीण भागाची आहे म्हणून शहरांनी निर्धास्त राहण्याचे कारण नाही.

नवी मुंबईचेच पाहावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे योजनाबद्ध शहर उभे राहिले. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात, पाच आंदोलकांनी पोलीस गोळीबारात प्राण दिले. आज याच शहरात एकीकडे स्वतंत्र अभ्यासिकेत खासगी शिकवणी घेणारे मूल आहे. दुसरीकडे बाजार आवारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडीचे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंत्राटी कामगाराचे, इतरांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मूल आहे. दोघांच्या पालकांना एकच उपदेश करून मोकळे होणे म्हणजे विषमतेचा दोष गरिबाच्या माथी मारणे होय.

तथापि, परिस्थिती बदलेपर्यंत कष्टकरी घराला काही करता येणार नाही, असे मानणे हीदेखील दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. आईला अक्षरओळख नसली तरी मुलाचे वाचन तिला ऐकता येते. भाकरी थापता थापता तिने 'मग पुढे काय झाले?' एवढे विचारले, तरी मुलाला वाचलेले समजून सांगावे लागते. आणि समजून सांगणे हाच वाचनाचा गाभा आहे. शब्द अडला तर खेकसण्याऐवजी क्षणभर थांबावे, चित्रावरून अंदाज करू द्यावा. घरची बोली आगरी असो, वडारी असो, बंजारा वा भोजपुरी असो, तिच्यातील गोष्टी मुलास जरूर सांगाव्यात. त्या बोलीला अशुद्ध ठरविणारी शाळा मुलाच्या पायाखालची पहिली पायरीच काढून घेते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे शिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्या कार्याचा धडा पुस्तकांनाही लागू आहे.

येथे शासनाची जबाबदारी सुरू होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असले पाहिजे. पुस्तके फाटतील या भीतीने कुलूप घातलेले कपाट म्हणजे ग्रंथालय नव्हे. वाचून फाटलेले पुस्तक हे न उघडलेल्या कोऱ्या पुस्तकापेक्षा सार्थकी लागलेले असते. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. परंतु ग्रंथालय-कर न बसविता अनुदानाचा मार्ग पत्करल्यामुळे ग्रंथालयांचे भवितव्य सरकारी मर्जीवर अवलंबून राहिले.

वेळेचा प्रश्न तर थेट श्रमिकांच्या लढ्याशी भिडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा, काही अटींसह, ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तास यंत्रापुढे आणि दोन तास प्रवासात घालविणाऱ्या बापाने मुलाजवळ बसावयाचे केव्हा? आठ तासांच्या दिवसासाठी कामगारवर्ग लढला तो केवळ विश्रांतीसाठी नव्हे. घरातील संध्याकाळ ही त्या लढ्याची कमाई आहे आणि मुलाचे वाचन हा तिच्यातील एक वाटा आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. कायद्याने शालेय व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. वस्तीतील आया या समित्यांवर केवळ सहीपुरत्या राहू नयेत. दर आठवड्यास प्रत्येक मुलाच्या हाती एक पुस्तक घरी जावे, हा ठराव त्यांनी समितीत मांडावा. महापालिकेने शाळांचे वर्ग संध्याकाळी वाचनासाठी उघडावेत, ही मागणी प्रभागाप्रभागांतून पुढे यावी. ती मान्य होईपर्यंत समाजमंदिरात किंवा युनियनच्या कार्यालयात सतरंजी अंथरून, शंभरेक पुस्तकांनिशी प्रारंभ करण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे असावे, ही मागणी महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली. कायदा होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. मूल शाळेच्या पटावर आले. आता पुस्तक त्याच्या घरी आले पाहिजे. त्यासाठी आणखी सव्वाशे वर्षे थांबण्याची सवड आज पहिलीत बसलेल्या मुलापाशी नाही.