नाट्यशिक्षण आणि गावंढळ जीभ

विद्यापीठात नाट्य व वाचा यांचे शिक्षण असावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. आमचा वाद निराळा आहे. जुन्नर-आंबेगावाकडील मुलगा अशा शिक्षणाच्या दारी आला, की प्रथम त्याची जीभ 'शुद्ध' केली पाहिजे, असे म्हणणारे विद्वान आमच्याच व्यवसायात पुष्कळ आहेत. 'न' व 'ण' यांचा घोळ ऐकताच त्यांचे कान विटतात! नारायणगाव त्याच जुन्नर तालुक्यात आहे, हे या विद्वानांस ठाऊक नाही काय? यात्रांच्या हंगामात तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात व गावोगावचे पुढारी सुपारी देण्यास येतात. १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या पुरस्काराने गौरविलेल्या विठाबाई नारायणगावकर याच परंपरेतील. बतावणीतील सोंगाड्या घोकलेल्या संहितेवर विसंबत नाही. समोरच्याचा शब्द झेलून, प्रेक्षकांच्या कोलाहलात तो तत्क्षणी उत्तर देतो. हे वाचेचे शिक्षण नव्हे, तर दुसरे काय? स्तानिस्लाव्हस्की अवश्य वाचावा. आम्हीही तो आवडीने वाचतो. प्रमाण उच्चारही शिकवावा, कारण काही भूमिकांस तो लागतोच. परंतु मुलाची बोली पहिल्या वर्षी खोडून काढावयाची आणि तिसऱ्या वर्षी शेतकऱ्याची भूमिका देऊन तीच 'अभिनय' म्हणून शिकवावयाची, हा कोठला न्याय? फडातील वृद्ध सोंगाड्यास पदवी नाही, म्हणून तो अध्यापक होऊ शकत नाही, असे आम्हांस ऐकविले जाते. ठीक, मग वाचेच्या परीक्षेस त्यास परीक्षक म्हणून बोलवा, आणि गुण त्याच्या हातून पडू द्या.