आपल्या समाजाची शाळा

आपल्या महाराष्ट्रात एक छोटासा समाज आहे. त्याची मातृभाषा मराठी आहे. त्याची आडनावे केहिमकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर अशी कोकणातील गावांवरून पडलेली आहेत. धर्म मात्र यहुदी आहे. या लोकांना बेने इस्राएल म्हणतात. आपले पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आले आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांचे जहाज फुटले, असे ते सांगतात. कोकणात ते तेल गाळण्याचा धंदा करीत. शनिवार हा त्यांचा पवित्र दिवस. त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

या समाजाने १८७५ साली मुंबईत स्वतःची शाळा काढली. त्या शाळेविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. तुम्हीही एका समाजाच्या शाळेत शिकता. उर्दू शाळा म्हटले की लोक आपल्याला दोन प्रश्न विचारतात. वेगळी शाळा कशाला हवी, हा पहिला प्रश्न. वेगळ्या शाळेत शिकलेली मुले चार लोकांत मिसळणार कशी, हा दुसरा. हे प्रश्न कोणी रागाने विचारतात, कोणी काळजीने. उत्तर दोघांनाही दिले पाहिजे.

बेने इस्राएल लोकांवर ही वेळ कशी आली ते पाहा. त्यांच्याकडे जुने ग्रंथ राहिले नव्हते. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले होते. प्रार्थनेतले थोडे शब्द, शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे नियम आणि सण एवढेच टिकले होते. सणांची नावेसुद्धा अस्सल कोकणी मराठीत होती. वर्षारंभाचा 'नव्याचा सण', 'खिरीचा सण', दारे लावून उपास करायचा तो 'दारफळणीचा सण'. तुम्हाला गंमत वाटेल, पण उपासाला ते आपल्यासारखेच 'रोजा' म्हणत. त्यांचा एक रोजा वालाच्या बिरड्याशी जोडलेला होता, म्हणून त्याचे नाव 'बिरड्याचा रोजा'. त्यांच्या धर्मप्रमुखाला काझी म्हणत आणि प्रार्थनामंदिराला मशीद. मुंबईत सॅम्युअल स्ट्रीटवर त्यांचे १७९६ साली स्थापन झालेले सिनेगॉग आहे. जवळच्या मशीद बंदर स्टेशनाला नाव मिळाले ते याच 'मशिदी'वरून, असे सांगतात. आपल्यापैकी किती जण त्या स्टेशनावर उतरले असतील आणि ती मशीद आपलीच समजले असतील!

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या समाजासाठी शाळा काढल्या. त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर दिले, हिब्रू शिकवली. मिशनऱ्यांचे हे उपकार बेने इस्राएल लोक मान्य करतात, आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्याने शिकवलेला आपला धर्म आपला कितपत राहील, ही शंका जाणत्या माणसांना होतीच. शिवाय कोकणातून मुंबईला आलेली कुटुंबे पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत नोकऱ्या करू लागली होती. गावात जे शिक्षण आजीकडून, घाण्यावर, सणावारी आपोआप मिळे, ते शहरात मिळेना. तेव्हा हाईम सॅम्युअल केहिमकर या गृहस्थांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या मुलांसाठी 'इस्रायली शाळा' सुरू केली. नेहमीच्या विषयांबरोबर तेथे हिब्रू आणि धर्मशिक्षण मिळू लागले. पुढे केहिमकरांनी आपल्या समाजाचा मोठा इतिहासही लिहिला.

म्हणजे वेगळी शाळा हवी होती ती आठवण टिकवण्यासाठी. भाषा आणि श्रद्धा विसरल्या जात असतील तर समाजाने त्यांच्यासाठी एक घर बांधावे, यात मला काही गैर दिसत नाही. उर्दू शाळेचे कारणही तेच आहे. लाजायचे कारण नाही.

आता यहुदी मुले शिकतात कशी, तेही पाहण्यासारखे आहे. हजरत मूसा आणि फिरऔन यांची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. ती हकीकत यहुदी मूल पुस्तकात वाचते, पण तेवढ्यावर भागत नाही. पेसाह सणाच्या रात्री सारे कुटुंब ताटाभोवती बसते. घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने प्रश्न विचारायचा, की ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मग मोठ्यांनी सांगायचे. इजिप्त सोडताना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून बिनखमिराची रोटी खायची. गुलामीचे दिवस कडू होते, म्हणून कडू पाला चावायचा. डोळ्यांतले पाणी आठवावे म्हणून पाला मिठाच्या पाण्यात बुडवायचा. बेने इस्राएल लोकांनी या रात्रीचे पुस्तक मराठीत छापून घेतले. १८७४ साली पुण्यात छापलेली त्याची सचित्र प्रत प्रसिद्ध आहे. दूरदेशीची गोष्ट मराठीत सांगितली जाऊ लागली आणि मुलाच्या जिभेवर तिची चव राहिली.

जगभरच्या यहुदी शाळा याच पद्धतीने चालतात. सणाच्या आधी मुले वर्गात ती रोटी लाटतात. सुक्कोथच्या सणाला अंगणात फांद्यापाल्याचा मांडव स्वतः उभारतात आणि त्यात बसून जेवतात, कारण पूर्वज वाळवंटात तशाच झोपड्यांत राहिले. वृक्षांचा एक सण आहे, तेव्हा झाडे लावतात. वर्गात दानाची पेटी असते. त्या दानाला हिब्रूत 'सदाका' म्हणतात. आपला सदका आणि हा सदाका सख्खे भाऊ आहेत, हे सांगायला नको. ग्रंथ शिकताना दोन दोन मुले समोरासमोर बसतात, मोठ्याने वाचतात आणि एकमेकांशी वाद घालतात. आपल्या मदरशांतही विद्यार्थी एकमेकांना धडा समजावून देतात. हे वाचून मला नवल वाटले नाही, आनंद मात्र झाला.

बी.एड.च्या वर्गात आम्हाला जॉन ड्यूई यांचे 'कृतीतून शिक्षण' शिकवले गेले. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येत असे, आणि आम्ही ते तत्त्व पाठ करून लिहीत असू! खरे तर त्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नव्हती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची परिषद भरली. तिच्या योजनेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. टकळीवर सूत काढताना गणित, भूगोल, इतिहास सारे शिकता येते, असे त्या योजनेचे म्हणणे होते. हे झाकिर हुसेन पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. आणि आपल्या सातारा जिल्ह्यात? १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, पाणी भरत, स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. समतेवर व्याख्यान देणे सोपे असते. दुसऱ्या जातीच्या मुलाने भाजलेली भाकरी रोज खाणे हा त्या काळी खरा धडा होता.

आता आपल्या वर्गात या. कार्यानुभव हा विषय वेळापत्रकात आहे. अनेक शाळांत त्या तासाला राहिलेले गणित उरकतात. पालकही म्हणतात, खेळ आणि सहली पुरे, मार्क मिळवा. त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. मुलगा दहावी झाला तर घराला आधार होतो, ही गोष्ट खरी आहे. पण मराठीचेच घ्या. सात सात वर्षे मराठी शिकूनही उर्दू शाळेतला हुशार मुलगा तहसील कचेरीत अर्ज देताना गप्प होतो. त्याला व्याकरण येते, विरुद्धार्थी शब्द येतात, पण समोरच्या माणसाशी दोन वाक्ये बोलण्याचा सराव नसतो. मार्क असूनही तो अडतो. हजरत जैद बिन साबित यांना रसूलल्लाहांनी यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली. ती त्यांनी थोड्याच दिवसांत शिकून घेतली, कारण पत्रे वाचायची होती, उत्तरे लिहायची होती. काम होते, म्हणून भाषा आली.

आपल्या खंडाळा तालुक्यात असे काम मुबलक आहे. लोणंदची कांद्याची बाजारपेठ घ्या. चार मुलांनी तेथे जाऊन आवक, भाव आणि हमाली विचारून यावी. त्या एका सकाळी जेवढे मराठी त्यांच्या कानांवर पडेल आणि तोंडी बसेल, तेवढे महिनाभरात वर्गात बसत नाही. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. वाटसरूला पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्याचे, सवाबाचे काम. वारकऱ्याला पाणी देताना "माउली" ऐकले की तो शब्द शब्दकोशात पाहावा लागत नाही. नायगाव याच तालुक्यात आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली तेथे झाला. त्यांच्या १८५६ सालच्या एका पत्रात फातिमा या सहकारिणीचा उल्लेख आहे. आपल्या मुलींनी तो उल्लेख वाचावा आणि मग नायगावला जाऊन ते घर पाहावे.

काही जण म्हणतील, असे बाहेर पडलो तर आपलेपण हरवेल. मला तसे वाटत नाही. बेने इस्राएल लोकांनी मराठीत कीर्तने रचली आणि त्यांत आपल्या पैगंबरांच्या कथा गायिल्या. मलिद्याचे ताट ते पैगंबर एलियाहूंच्या नावाने करतात. आपण ज्यांना हजरत इलियास म्हणतो तेच हे. अलिबागजवळही एक खंडाळे नावाचे गाव आहे. तेथील खडकावर एलियाहूंच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. मराठी मातीत ते इतके मिसळले, तरी यहुदीच राहिले.

१९४८ साली इस्राएल देश स्थापन झाला आणि नंतर यांतले बहुतेक लोक तिकडे गेले. आज भारतात त्यांची संख्या अवघी चार-पाच हजार आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. तिकडे गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. केहिमकरांची शाळा मात्र मुंबईतच राहिली. सर एली कदूरी या बगदादी यहुदी घराण्यातल्या व्यापाऱ्याच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. रिबेका रूबेन या विदुषी १९२२ पासून दीर्घकाळ तिच्या मुख्याध्यापिका होत्या. माझगावच्या या शाळेत यहुदी मुले कमी होत गेली, तेव्हा शाळेला कुलूप लागले नाही. शेजारची मुले आत आली. आज तेथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेतही तेच चित्र आहे.

जगात यहुदी आणि मुसलमान यांच्याविषयी ज्या बातम्या येतात, त्या तुम्ही ऐकता. त्या खोट्या नाहीत, आणि त्यांतले दुःखही खोटे नाही. पण यहुद्यांनी बांधलेल्या शाळेत मुसलमान मुले रोज सकाळी प्रार्थनेला उभी राहतात, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि ती मुंबईत, आपल्या राज्यात घडते. तिची बातमी सहसा होत नाही. मुंबईला जाणाऱ्या एस.टी.त बसाल तेव्हा माझगावला एकदा उतरून पाहा. फाटकावरचे नाव वाचा आणि मधल्या सुट्टीत बाहेर आलेल्या मुलांना त्यांची नावे विचारा. मराठीत विचारा.