ओटीतला खण

चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं, म्हणून यंदा आईची ट्रंक उघडली. आईला जाऊन दोन वर्षं झाली, पण हात लावायचं धाडस होत नव्हतं. वरच जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. सोडलं तर आत नुसते खण. मोजले, ३७ भरले.

शिवता येण्याजोगे किती? ११. बाकीचे २६ उजेडात धरले तर आरपार दिसावं असे. चमचमते, झुळझुळीत, आणि लहान मुलीचं पोलकंसुद्धा होणार नाही एवढेच. यातले काही मीच आईच्या ओटीत घातलेले असणार, आणि तिने दुसऱ्या कुणाच्या ओटीतून आलेले मला दिले असणार. आपण सगळ्याच हे करतो. दुकानाची चिकटपट्टीसुद्धा न काढता तोच खण चार घरं फिरून परत आपल्याकडे येतो.

खण म्हणजे खरं तर एका चोळीपुरतं कापड. बदामीजवळच्या गुळेदगुड्डचा खण आपल्या दोन्ही भाषांतल्या बायकांना ठाऊक आहे. रेशीम आणि सूत, अंगभर बारीक बुट्ट्या, आणि कडेला काठ. बुट्टी वरून छापलेली नसते, मागावरच विणलेली असते. मागाला कन्नडमध्ये मग्ग म्हणतात, फार लांबचा शब्द नाही. काठाची जागाही उगीच ठरलेली नाही. चोळी बेतताना काठ बरोबर दंडावर आला पाहिजे, म्हणजे वेगळी पट्टी लावायला नको आणि कापडही वाया जायला नको. शोभा आणि काटकसर एकाच धाग्यात.

इरकल लुगड्यात तर हे अधिकच दिसतं. अंगाचा ताणा सुताचा आणि पदराचा ताणा रेशमाचा. दोन्ही ताण्यांचे दोरे एकमेकांत फासासारखे अडकवून जोडतात. असं जोडकाम असलं की ताणा एकेका लुगड्यापुरताच करावा लागतो. एवढा खटाटोप कशाला? महागडं रेशीम फक्त जिथे चारचौघांना दिसतं तिथेच लागावं म्हणून. मग त्या लाल पदरावर पांढऱ्या रेशमाची नक्षी आली. कुठे फणी, कुठे किल्ल्याचा तट, कुठे जोंधळ्याचं कणीस. कणसाला कन्नडमध्ये तेने म्हणतात, हे सासरी आल्यावर कळलं. लाल पदर पुढे शुभ मानला गेला. रेशीम वाचवायची युक्ती होती, तिचं असं शुभचिन्ह झालं!

आता ओटीकडे येते. माझं लग्न झालं तेव्हा मला कन्नड चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, पहिल्या शुक्रवारी म्हणाल्या, ‘‘उडि तुंबतीनि, बा.’’ मी घाबरले. उडी कुठे मारायची, आणि तुंबलं काय? मोरी तुंबली असेल म्हणून बघायलाही गेले! तेव्हा अत्ती पोट धरून हसल्या होत्या. उडि म्हणजे ओटी, तुंबणे म्हणजे भरणे. शब्द दोन, वस्तू एक, लुगड्याचा पुढचा खोचलेला घोळ. हा घोळ म्हणजे बाईचा खिसा, पिशवी, सूप, सगळं काही. रानात कापूस वेचताना, शेंगा तोडताना आपल्या आज्या ओटीतच भरायच्या. त्याच कामाच्या ओटीत सणाला नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खण पडू लागले. रिकामी ओटी घेऊन बाईने दारातून जाऊ नये, एवढी साधी माया त्यात असावी असं मला वाटतं. आणि खण का? तर घरी जाऊन तिने चोळी शिवून घालावी म्हणून. तिला कापडाची गरज असायची. देणारीला ते माहीत असायचं.

आता गरज राहिली नाही, खूण तेवढी राहिली. सौंदत्तीला यल्लम्माच्या वाटेवरच्या दुकानांतून खणांच्या थप्प्या बघा, त्रिकोणी घड्या किती नेटक्या! पण उलगडून बघायची सोय नाही. एक गंमत मात्र आहे. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या निघाल्या, पर्स निघाल्या, वहीला कव्हरंसुद्धा. माझी सून खणाची बॅग घेऊन ऑफिसला जाते. काहीजणींना ते आवडत नाही. मला आवडतं. निदान ती बॅगेत डबा तरी ठेवते.

त्या ११ खणांमधला एक हिरवा खण हातात आला आणि मला माझी धाकटी मावशी आठवली. मावशी ऐन तिशीत विधवा झाली. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या चोळ्या तिने शिवल्या. खण असा बेतायची की चिंधीसुद्धा उरायची नाही, आणि उरलीच तर तिची बाळाची कुंची व्हायची. पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती आतच असायची. कैरीची डाळ वाटायची, पन्हं ढवळायची. बाहेर तिनेच शिवलेल्या चोळ्या घालून बायका बसलेल्या, आणि खण सगळ्यांना, शिवणारीला नाही. आईने याबद्दल कधी काही म्हटलं नाही. मीही नाही. पन्नास वर्षं गेली.

यंदा मी मावशीला घेऊन आले. ती आता ८१ वर्षांची आहे. नात्यातल्या एक बाई माझ्या कानाशी लागल्या, ‘‘तिची ओटी भरायची नसते गं.’’ अत्ती कॉटवर पडून होत्या, त्यांना ऐकू गेलं. त्या नव्वदीच्या आहेत, ऐकू येत नाही असं आम्ही समजतो. त्यांनी कन्नडमध्ये एवढंच विचारलं, ‘‘चोळी ती घालत नाही काय?’’

मी मावशीसमोर बसले आणि तांदूळ, नारळ आणि तो हिरवा खण तिच्या पदरात घातला. तिने कुंकवाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. खण उलगडला, खिडकीकडे धरला, बोटांत चुरगळून सोडला. मग वितीने मोजायला लागली. एक, दोन, तीन.

‘‘बाही निघते,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या मापाचा एक ब्लाउज आण आतून. आणि कात्री कुठे आहे?’’