कॉलेजच्या कबड्डी संघाची चढाई भारी, पण यंदा कस लागणार पकडीचा

सप्टेंबरात जपानमध्ये आशियाई स्पर्धा सुरू होतायत. मागच्या वेळी, २०२३ च्या ऑक्टोबरात, चीनमध्ये भारतानं इराणला ३३-२९ असं हरवून कबड्डीचं सुवर्णपदक आणलं. त्या संघात अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता, नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे होता. म्हणजे गावाकडची पोरं तिथपर्यंत पोचतात, हे आता कुणाला सांगायची गरज राहिली नाही. प्रश्न आहे तो आपल्या तालुक्यातली पोरं विद्यापीठापर्यंत तरी पोचतात का, हा. त्याचं उत्तर येत्या दोन-तीन महिन्यांत मिळेल. कॉलेजच्या मुलांच्या संघाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली आहे आणि मैदानावर निवड चाचणीची तयारी चालू आहे. बारा जणांची यादी अजून लागलेली नाही, म्हणून इथं कुणाचं नाव घेत नाही. जागेवरूनच बोलू.

कोण गेलं, कोण राहिलं

गेल्या वर्षी आपला संघ उपांत्य सामन्यात हरला. मध्यंतराला सहा गुणांनी पुढं होतो, शेवटी पाच गुणांनी मागं राहिलो. उत्तरार्धात दोन लोण बसले. लोण म्हणजे सगळा संघ बाद, समोरच्याला दोन गुण जादा. बऱ्याच जणांनी तेव्हा चढाईपटूंना दोष दिला. खरं बघितलं तर उजव्या कोपऱ्याचा गडी घोटा मुरगळून बाहेर बसला आणि तिथून सामना फिरला. त्याच्या जागी चढाईतला पोरगा उभा केला. त्याला कोपरा सांभाळायची सवयच नव्हती.

यंदा तो उजवा कोपरा पदवी घेऊन बाहेर पडला. डाव्या बाजूचा मध्यरक्षकही गेला. पकडीतल्या चार जागांपैकी दोन रिकाम्या झाल्या. चढाईत मात्र तिघंही कायम आहेत. त्यातला एक डावखुरा आहे, तो बोनस घेण्यात पटाईत. समोर सहा किंवा सात गडी असले तरच बोनस मिळतो, त्यामुळं सामना सुरू झाल्या झाल्या हा पोरगा गुण आणून देतो. दुसरा अंगानं दांडगा आहे, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या निर्णायक चढाईला त्यालाच पाठवतात.

मग अडचण काय? चढाई एकट्याची असते. अंगात चपळाई असली की पोरगा एकट्यानं गुण आणतो. पकड तशी नसते. कोपऱ्यानं घोटा धरला आणि मध्यरक्षक अर्ध्या क्षणानं उशिरा आला, तर चढाईपटू मध्यरेषेला हात लावून दोघांनाही बाद करून जातो. कुणी कधी पुढं सरायचं, साखळी कधी सोडायची, हे बोलून ठरत नाही. रोज एकत्र खेळूनच ते अंगात भिनतं. नवीन जोडीला निदान सहा आठवडे लागतात, असं जुने खेळाडू सांगतात. आणि नेमके तेच सहा आठवडे आपल्याकडं नाहीत.

सोयाबीन, शेवटची गाडी आणि उसतोड

सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची काढणी सुरू होते. तिच्या मागोमाग कापसाची वेचणी. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. अशा वेळी घरचा वीस वर्षांचा गडी संध्याकाळी दोन तास मैदानावर घालवतो, हे बापाला कसं पटावं? मी स्वतः शेतकरी आहे. काढून ठेवलेल्या सोयाबीनवर पाऊस आला तर काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. त्यामुळं बापाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी अडचण एसटीची. विद्यार्थ्यांना मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे, ते बरंच आहे. पण संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की पास खिशातच राहतो. वाड्या-वस्त्यांवरची पोरं म्हणून सराव अर्धा टाकून स्टँडकडं पळतात. यंदाच्या संभाव्य संघात निम्म्याहून जास्त पोरं अशी आहेत. आणि नव्यानं पकडीत घ्यायचे दोन्ही गडी त्यातलेच.

तिसरी गोष्ट जास्त अवघड. त्या दोघांपैकी एकाचे आईवडील उसतोडीला जातात. कारखाने पेटले की कुटुंब निघतं. मागं म्हातारी माणसं आणि जनावरं राहतात, ती बघायची जबाबदारी पोरावर येते. उजव्या कोपऱ्यासाठी आज त्याच्याइतका तयार गडी दुसरा नाही. तो राहिला तर संघ वेगळा, गेला तर वेगळा.

मातीतली पोरं मॅटवर

आपलं मैदान मातीचं. स्पर्धेचे मोठे सामने मॅटवर. मातीत पोरं अनवाणी खेळतात, पायाची बोटं रोवून उभी राहतात. मॅटवर बूट घालावे लागतात, वळण्याचा वेग बदलतो, सूर मारला की गुडघे सोलतात. चढाईपटू दोन-चार दिवसांत जुळवून घेतो. कोपऱ्याच्या गड्याला वेळ लागतो, कारण त्याचा सगळा खेळ पायाच्या जोरावर चालतो. म्हणजे इथंही अडतं ते पकडीपाशीच. मॅट विकत घेणं छोट्या कॉलेजला झेपत नाही. पण जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात मॅट आहे. स्पर्धेआधी चार रविवार तिथं सराव मिळाला तरी मोठा फरक पडेल.

बारावीच्या पोराला का घेत नाहीत?

गावोगाव हा प्रश्न विचारतात. अकरावी-बारावीची मुलं शालेय स्पर्धांत १९ वर्षांखालील गटात खेळतात. विद्यापीठाच्या स्पर्धेत फक्त पदवी आणि त्यापुढच्या वर्गातली मुलं चालतात. कॉलेज एकच दिसत असलं तरी संघ दोन आहेत. यंदा बारावी होऊन पहिल्या वर्षाला आलेली तीन पोरं चांगली आहेत. त्यातला एक डाव्या मध्यरक्षकाच्या जागी बसू शकतो.

पुढं काय मिळतं?

आपल्या विद्यापीठात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे येतात. कॉलेजांच्या स्पर्धेत जो गडी चमकतो तो विद्यापीठाच्या संघासाठी नजरेत भरतो. कॉलेज हरलं तरी चांगल्या गड्याची दारं बंद होत नाहीत. विद्यापीठाचा संघ पुढं पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी खेळतो आणि तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात.

नोकरीचंही स्पष्ट सांगायला हवं. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कॉलेजच्या स्पर्धेत नुसतं खेळल्याच्या कागदावर ते मिळत नाही. वरच्या पातळीवरचं यश लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. ‘प्रमाणपत्र काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

अंदाज

आज आहे तशा तयारीनं संघ सुरुवातीचे सामने चढाईच्या जोरावर जिंकेल. उपांत्य फेरी गाठणंही अवघड नाही. तिथून पुढं समोरचे संघ आपल्या डावखुऱ्याला ओळखून असतील. त्याला दहा मिनिटं बाहेर बसवलं की आपल्याला पकडीवरच सामना ओढावा लागेल. आजच्या घडीला ती ताकद संघात नाही.

ती आणता येईल. सराव संध्याकाळऐवजी पहाटे ठेवला तर काढणीच्या दिवसांतही पोरं येऊ शकतील. लांबच्या चार-पाच पोरांची सहा आठवडे गावातच राहायची सोय झाली तर गाडीचा प्रश्न मिटेल. कॉलेजची एखादी रिकामी खोली त्याला पुरते. आणि त्या उसतोड कामगाराच्या पोराच्या घरची दोन जनावरं भावकीनं, शेजाऱ्यांनी महिनाभर सांभाळली तर उजवा कोपरा भरून निघेल. एवढं जमलं तर हा संघ अंतिम सामना खेळेल, असं माझं मत आहे. नाही जमलं तर गेल्या वर्षीसारखं पुन्हा मध्यंतरापर्यंतच आपण पुढं असू.