चारोटी नाक्यावरून डावीकडे

आमच्या टीममधली एक मैत्रीण नुकतीच तुर्कस्तानातल्या अंताल्याला जाऊन आली. सोमवारी लंच टाइमला तिच्या लॅपटॉपवर दोनशे बावीस फोटो बघून झाले. निळाशार समुद्र, जुन्या गावातल्या दगडी गल्ल्या आणि रोमन सम्राट हेड्रियन इसवी सन १३० मध्ये येणार म्हणून बांधलेली संगमरवरी कमान! सगळ्यांच्या तोंडून 'वॉव' निघालं आणि मी नेहमीचा डायलॉग मारला, "आपल्याकडे कुठे गं असं काही!"

पलीकडच्या डेस्कवरून आमचा सीनियर म्हणाला, "तू डहाणूला गेली आहेस?"

"शंभरदा! सुरतला आत्याकडे जाताना चारोटी नाक्यावर थांबतोच की आम्ही."

"चारोटीला थांबणं म्हणजे डहाणूला जाणं नव्हे," तो म्हणाला, "एकदा नाक्यावरून डावीकडे वळून बघ."

बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. माझ्यासाठी चारोटी म्हणजे टोल, वडापाव, चहा आणि 'लवकर चला, पुढे ट्रॅफिक लागेल.' इतक्या वर्षांत ना कधी डावीकडे वळले, ना उजवीकडे. म्हणून गेल्या शनिवारी चौघं जण निघालो. सकाळी सहाला बोरिवली सोडली. घोडबंदरला वेळेत सुटलो, तर अडीच-तीन तासांत चारोटी येतं.

आधी बेल्ट, मग गप्पा

या रस्त्याविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. त्यात ते आणि त्यांचे मित्र जहांगीर पंडोल असे दोघं गेले. दोघंही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. गाडी साधीसुधी नव्हती, सुरक्षिततेसाठी नावाजलेली होती. मागच्या सीटवर बेल्ट लावणं नियमाने बंधनकारक आहे, पण आपण मागे बसलो की घरच्या सोफ्यावर बसल्यासारखे बसतो. मीही तशीच बसले होते. नदी दिसली तेव्हा चौघांत कुणी काही बोललं नाही, फक्त मागून 'खट्-खट्' असे दोन आवाज आले. परतीच्या प्रवासात बेल्ट घरापासूनच लावायचा, हे तिथेच ठरलं.

देवी खाली आली त्याची गोष्ट

डावीकडे वळण्याआधी जरा सरळ गेलो. नाक्यापुढे चार-पाच किलोमीटरवर विवळवेढे इथे महालक्ष्मीचं देऊळ आहे. हायवेवरूनच कळस दिसतो. देवीचं मूळ ठाणं मागच्या डोंगरावर. आख्यायिका अशी, की एक गरोदर बाई दर्शनाला डोंगर चढत होती आणि अर्ध्या वाटेत थकून बसली. तेव्हा देवी म्हणाली, "तू नको चढूस, मीच खाली येते." किती सोपी आणि मायाळू गोष्ट! चैत्र पौर्णिमेपासून इथे पंधरा दिवस जत्रा भरते. जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून आलेला ध्वज घेऊन वाघाडी गावचा पुजारी मध्यरात्री डोंगर चढतो. आदिवासी कुटुंबं ट्रकमधून, टेम्पोतून, चालत येतात. आपण त्या पंधरवड्यात हायवेवर अडकलो की हॉर्न वाजवतो. पुढच्या चैत्रात तिथे अडकले, तर गाडी बाजूला लावून उतरेन म्हणते.

मगवरची वारली आणि भिंतीवरची वारली

आता वळलो डावीकडे. चारोटी ते डहाणू साधारण पंचवीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना भातशेती, ताडाची झाडं, मधूनच कुडाची घरं. डहाणू तालुक्यातल्याच गंजाड गावात जिव्या सोमा मशे राहायचे. नाव ऐकलं नसेल, तरी त्यांची चित्रं तुम्ही पाहिली आहेत, निदान त्यांच्या नकला तरी. ऑफिसच्या दिवाळी गिफ्टमधले कोस्टर्स, कॉफीचा मग, रिसेप्शनमागची ती त्रिकोणी माणसं... सगळं इथून निघालं.

वारली चित्रं मुळात लग्नघरात काढायची गोष्ट. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून ब्रशसारखी केलेली बांबूची काडी. सवाशिणी लग्नाचा चौक रेखाटतात आणि त्यात पालघट देवी बसते. चौकाशिवाय लग्न नाही. म्हणजे आपण ज्यावर कॉफीचा कप ठेवतो, ते चित्र एका जमातीसाठी लग्नविधीचा भाग आहे!

मशे १९३४ चे. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणं सोडलं आणि मातीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायला लागले, असं सांगतात. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या भागात आले, कागद आणि रंग घेऊन. बायकांनी लग्नापुरती काढलेली चित्रं मशेंनी रोज काढायला घेतली. मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, तारप्याभोवती फिरणारा नाच असे विषय आले. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँगबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. आज या भागात अनेक घरांत तरुण चित्रकार आहेत. त्यांच्याकडून थेट चित्र घ्या. मॉलमधल्या फ्रेमपेक्षा चार पैसे जास्त गेले, तरी योग्य हातात जातील.

बिनपगारी कामाचा शेवट

आपण आठ वाजेपर्यंत ऑफिसात बसलो की 'वेठबिगारी आहे नुसती' म्हणतो. शब्द इथे जपून वापरावा. या भागात वेठ खरोखरची होती. जमीनदाराकडून लग्नासाठी पैसे घेतले, की नवरा-बायको दोघंही त्याचे गडी व्हायचे. त्यांना लग्नगडी म्हणत. आयुष्य संपे, कर्ज संपत नसे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, की वेठ करायची नाही आणि दिवसाला १२ आणे रोख घेतल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर कामाला जायचं नाही. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी काही जण मारले गेले. पण वेठ संपली. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच लढ्याचं. त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निघण्याआधी वाचून जा, हायवे वेगळा दिसेल.

त्याच १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीत आल्या आणि अनुताई वाघांना घेऊन त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखायला जातात ना, मग कुरणात भरवायची. 'अंगणवाडी' हा शब्द आपण सरकारी पाटीवर वाचतो, त्यामागची कल्पना या टेकडीवर रुजली.

फुकट नावेचं गाव

दुपारी डहाणूला पोचलो. पारनाक्याचा किनारा, सुरूची झाडं, भरपूर वारा. माझ्या सीनियरने मला एक गृहपाठ दिला होता : नाशिकच्या पांडवलेण्यांतला शिलालेख. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने जी दानं केली, त्यांची यादी तिथे कोरली आहे. त्यात आहे, की इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या. दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी! हेड्रियनच्या कमानीइतकीच जुनी गोष्ट, सुमारे एकोणीसशे वर्षांची. तिकडे बादशहासाठी कमान उभी राहिली, इकडे साध्या वाटसरूसाठी नाव. मला आपली गोष्ट जास्त आवडली. आणि हो, चारोटीच्या टोलवर फास्टॅगचा 'टिंग' वाजला तेव्हा उषवदाताची आठवण आली.

नंतर पोर्तुगीज आले, खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. बघायला फार काही उरलेलं नाही, पण खाडीवर संध्याकाळ छान जाते.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्याने घोलवड-बोर्डी. दोन्हीकडे चिकूच्या वाड्या. चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या झाडाच्या चिकापासून तिकडे च्युइंगगम निघालं. आपल्याकडे इराणी आणि पारशी बागायतदारांनी तो असा काही रुजवला, की २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं. जवळच बाहरोटच्या डोंगरात लेणी आहेत. संजाणवर हल्ला झाला तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, तिथे सुमारे १२ वर्षं जपला, अशी परंपरा आहे. तो अग्नी आज गुजरातेतल्या उदवाड्याला आहे, इथून फार लांब नाही. डोंगर चढायला दमछाक होते. वर गेलात तर आवाज कमी ठेवा, ते कुणाचं तरी देवघर आहे.

आणि एक समुद्र, जो बदलणार आहे

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच खरं तर हा कॉलम लिहायला बसले.

डहाणू तालुका इतका हिरवा राहिला, तो आपोआप नव्हे. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने त्याला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून प्रदूषणकारी कारखान्यांना मज्जाव केला. इथल्या बागायतदार बायका आणि कार्यकर्ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९९६ मध्ये कोर्टाच्या आदेशावरून प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ पर्यंत, म्हणजे हयात असेतो, त्याचे अध्यक्ष होते. डहाणूच्या दक्षिणेला वाढवण गाव आहे. तिथे मोठं बंदर बांधायची योजना या प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारली होती.

काळ बदलला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या वाढवण बंदराला परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालायचा आहे. देशातलं सगळ्यात मोठं बंदर होईल, जगातल्या मोठ्या जहाजांना खोल पाणी मिळेल, नोकऱ्या येतील, असं सरकार म्हणतं. मच्छीमार म्हणतात, या खडकाळ किनाऱ्यावर मासा अंडी घालतो, तो गेला की आम्ही गेलो.

वाढवणच्या वाटेवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, "बंदर झालं तर काय करणार?" त्या म्हणाल्या, "तू ऑफिसात काम करतेस ना? उद्या तुला कोणी सांगितलं, ऑफिसच्या जागी समुद्र येणार, तर तू काय करशील?" मला उत्तर आलं नाही. आणि जिथे राहिलो, त्या घरातली कॉलेजातली मुलगी रात्री जेवताना म्हणाली, "ताई, मला नोकरीसाठी रोज पहाटे चारला उठून लोकल पकडायची नाहीये. बंदर आलं तर इथेच काम मिळेल." तिलाही उत्तर आलं नाही.

वाढवण, वरोर, चिंचणीच्या घराघरांत दागिन्यांचे डाय कोरायचं काम चालतं. तुमच्या कानातल्यातलं फूल कदाचित इथल्याच कुणा कारागिराने पोलादात कोरलं असेल. अशा बारीक कामाची गावं मोठ्या आकड्यांत सापडत नाहीत. कोण बरोबर, हे दोन दिवसांच्या पाहुणीने ठरवू नये. पण निदान बघून तरी यावं, एवढं आपल्याला करता येतं.

सोमवारी मैत्रिणीला माझे फोटो दाखवले. अंताल्याइतके चकाचक नव्हते. पण ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी मीही येते." म्हणजे आता गाडीत पाच जण. मधल्या सीटचाही बेल्ट शोधून ठेवलाय.

कामाच्या गोष्टी

कसं जाल : पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते. पुढे शेअर रिक्षा. गाडीने गेलात तर अहमदाबाद हायवे, चारोटी नाका आणि डावीकडे.

कधी जाल : ऑक्टोबर ते मार्च उत्तम. जत्रा बघायची तर चैत्र पौर्णिमा.

काय खाल : कालीपत्ती चिकू, ताजे बोंबील, मोसमात ताडगोळे. थंडीत कुठे उकडहंडी मिळाली, तर सोडू नका.

किती वेळ : दोन दिवस पुरतात. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप आत जातं, तेव्हा भरतीची वेळ विचारूनच फिरायला जा.